कोळंबीतळ्यातली पांढऱ्या ठिपक्यांची साथ

खाद्य तसंच पडून राहिलं आणि कोळंब्या सुस्तावून काठाशी येऊ लागल्या, की मत्स्यशेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. डोक्यावरचं कवच सोलून उजेडात धरलं, तर एक-दोन मिलिमीटरचे पांढरे ठिपके दिसतात. हा ‘व्हाइट स्पॉट’ विषाणू. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व आशियात आढळलेला हा रोग 1994-95मध्ये भारताच्या किनाऱ्यावरही पसरला. लागण झालेलं तळं तीन ते दहा दिवसांत जवळजवळ रिकामं होऊ शकतं.

विषाणू मादीकडून पिल्लांत येतो, पाण्यातून पसरतो. पण खरा घात होतो तो मेलेल्या कोळंब्या निरोगी कोळंब्यांनी खाल्ल्यामुळे. खाडीतले खेकडे आणि रानटी कोळंबी स्वतः धडधाकट दिसूनही विषाणू वाहतात. पक्षी अर्धवट खाल्लेली कोळंबी शेजारच्या तळ्यात टाकतात.

यावर औषध नाही. म्हणून पीसीआर चाचणी केलेलं बीज, गाळून-क्लोरीन मारून घेतलेलं पाणी, बांधाभोवती खेकडे अडवणारं कुंपण आणि वर पक्ष्यांसाठी जाळी, एवढंच हाती उरतं. साथ आलीच, तर तळ्यातलं पाणी निर्जंतुक केल्याशिवाय खाडीत सोडू नये. माणसाला मात्र हा विषाणू बाधत नाही.