कोयना : धरण, भूकंप आणि दगडाखालचा दगड

कोयनेची वीज आपल्याला सह्याद्रीच्या कड्यामुळे मिळते. पूर्वेला वाहणारं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून कोकणात पोफळीकडे खाली सोडायचं, की टर्बाइन फिरतात. लाव्हाच्या थरांनी उभा केलेला हा उतार नसता, तर हा प्रकल्पच सुचला नसता!

१९६२ च्या सुमारास धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, भरू लागला आणि परिसरात छोटे धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणालाही तडे गेले. पुढे ते मजबूत केलं गेलं.

मग भूकंप धरणाने 'केला' का? माझ्या मते हे अर्धसत्य आहे. खडकातल्या भेगांवर ताण आधीपासूनच होता. जलाशयाचं वजन आणि भेगांत झिरपून वाढलेला पाण्याचा दाब, यांनी तो सुटायला निमित्त दिलं. म्हणून तर धक्क्यांचं प्रमाण जलाशयाच्या चढउताराबरोबर बदलतं. अशी उदाहरणं जगात इतरत्रही आहेत, पण इतकी वर्षं सतत हलणारी जागा विरळाच.

या भूकंपांचा अभ्यास करायला कोयना परिसरात गोठणे इथे ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे १२५० मीटर बेसाल्ट (लाव्हाचा खडक) संपताच थेट ग्रॅनाइट लागला. भूकंपांचं मूळ याच जुन्या खडकात आहे.

कोयना-वारणा पट्ट्यात घर बांधत असाल, तर भूकंपरोधक आराखड्यावर काटकसर करू नका.