सड्यावरचा जांभा, शेतातली माती

मे महिन्यात पेडण्याच्या सड्यावर उभे राहिले, तर पायांखाली माती जवळजवळ नसतेच. असतो तो तापलेला, छिद्राछिद्रांचा तांबडा कातळ. त्याच सड्याच्या उतारावर काजू फोफावतो आणि पायथ्याशी भातशेती व कुळागरे दिसतात. या मातीचा उगम त्या कातळाच्या झिजेतच आहे.

गोव्यात खडक बर्फाने फुटत नाही. त्याला पाणी कुजवते. पावसाचे पाणी हवेतील व जमिनीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्ल होते. वर्षाकाठी सुमारे 3,000 मिलिमीटर, तोही बहुतांशी चार महिन्यांत पडणारा हा पाऊस खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम धुऊन नेतो. सिलिकाही हळूहळू निघून जाते. मागे उरतात लोह व अॅल्युमिनियमची संयुगे; कोरड्या महिन्यांत ती घट्ट होत जातात. हाच जांभा. खाणीतून काढलेला ताजा चिरा सहज तासता येतो, उन्हावाऱ्यात तो कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन याने 1807 मध्ये मलबारातील अशाच दगडाला ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. डिचोली तालुक्यातील हरवळ्याची लेणीही जांभ्यातच कोरलेली आहेत.

जांभ्याच्या कवचाखाली मऊ चिकणमाती असते आणि तिच्याखाली कुजलेला खडक. त्यात मूळ पापुद्रे दिसतात, पण बोटांनी दाबताच चुरा होतो. जांभ्यातून झिरपलेले पाणी चिकणमातीवर अडते आणि पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर येते.

डिचोलीत याच झिजेने आणखी एक गोष्ट केली. तेथील लोहयुक्त, पट्टेदार खडकांतून सिलिका वाहून गेली आणि लोहाचे प्रमाण वाढले. ज्या खनिजासाठी डोंगर खणले गेले, ते मातीचेच सहोदर म्हणावे लागेल. खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी वरचे थर उपसून त्यांचे ढीग रचले गेले. पावसात त्यांचा गाळ शेतांत उतरतो. रंग तांबडा असला, तरी ही माती नव्हे. बारीक झालेल्या खडकात कुजलेला पाला, मुळे, गांडुळे आणि सूक्ष्मजीव मिसळले, की माती होते. तिचा एक सेंटीमीटर थर साचायलाही शतके लागू शकतात.

अशा अनेक ढिगांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावण्यात आला. त्याच्या सावलीत पाचोळ्याचा पातळ थर साठतो; तो बाजूला सारला, की खाली अजूनही भुकटीच हाती लागते.