एकांत, टपाल आणि गणित

गणिती म्हणजे जगापासून तुटलेला एकांडा शिलेदार, ही समजूत भारतात रुजली ती मुख्यतः रामानुजन यांच्या चरित्रामुळे. विसाव्या शतकाचा मागोवा घेतला तर वेगळेच दिसते. 1907 साली मद्रास इलाख्यातील डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांनी गणितप्रेमींचे एक मंडळ काढले. पुढे तेच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाले. परदेशी ग्रंथ आणि नियतकालिके एकट्यादुकट्याला परवडत नव्हती, म्हणून वर्गणी एकत्र करून ती मागवायची, हा साधा व्यवहारी हेतू. हे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, रँग्लर परांजपे प्राचार्य असताना उभे राहिले आणि तिथून नियतकालिके टपालाने गावोगावच्या सभासदांकडे फिरू लागली. संस्थेचे स्वतःचे नियतकालिकही निघाले. त्यात कोणीही प्रश्न घालावा, कोणीही उत्तर धाडावे, अशी सोय होती. 1911 साली रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध याच नियतकालिकात आला. एकात एक गुंतलेल्या अनंत वर्गमुळांचा त्यांचा प्रसिद्ध प्रश्नही इथलाच. उत्तर कोणाकडूनच आले नाही, तेव्हा ते त्यांनीच दिले.

यावर कोणी म्हणेल, की रामानुजन या मंडळामुळे घडले नाहीत. खरे आहे, प्रतिभा वर्गणीतून येत नाही. पण कार यांच्या जुन्या प्रमेयसंग्रहावर विसंबून एकट्याने काम केल्याची किंमतही त्यांनी मोजली: युरोपात आधीच सिद्ध झालेल्या कितीतरी गोष्टी त्यांनी पुन्हा शोधल्या. मंडळाने प्रतिभा दिली नाही, तिला वाचक दिले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: समुदाय दार उघडतो तसे बंदही करतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर हे त्याचे उदाहरण. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले, तर (चारही अंक सारखे नसल्यास) फार तर सात पायऱ्यांत 6174 येते. 3524 घेतली तर 3087, 8352 आणि मग 6174. हा शोध त्यांनी 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला, पण अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी अशा कामाला पोरखेळ मानले. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील आपल्या गणितरंजनाच्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. म्हणजे दोष समुदाय असण्याचा नव्हता, तो एकच दार असण्याचा होता. विद्यापीठाने न घेतलेली गोष्ट रंजनाच्या सदराने उचलली.

आज ग्रंथ एका क्लिकवर मिळतात, तेव्हा अशा मंडळांची गरज काय, असेही विचारले जाते. टंचाई ग्रंथांची होती तितकीच प्रश्न गंभीरपणे घेणाऱ्या माणसांचीही होती. पहिली मिटली, दुसरी मिटलेली नाही. म्हणून शाळेच्या वर्गात, मासिकाच्या सदरात आणि परिषदेच्या व्यासपीठावर हौशी माणसाच्या प्रश्नाला जागा ठेवणे हा केवळ मोठेपणा नव्हे. गणित वाढण्याची ती अटच आहे.