अंजनाची लेखणी

तापीकाठच्या बुऱ्हाणपूरभोवती सातपुड्याची जी राने पसरली आहेत, त्यांत सालई आणि अंजन हे दोन्ही वृक्ष आढळतात. पण दोघांचे स्वभाव अगदी भिन्न. सालईचे लाकूड मऊ. याच भागातील नेपानगरच्या कारखान्याने सालई आणि बांबू यांच्या लगद्यापासून वृत्तपत्राचा कागद तयार केला, आणि १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तो कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. अंजनाचे लाकूड मात्र पाण्यात टाकले तर बुडावे इतके जड. निमाड-खानदेशच्या शेतकऱ्याने ते घराचे खांब, गाडीची चाके आणि शेतीची अवजारे यांसाठी राखून ठेवले. सालईने कागद दिला, तर अंजनाने लेखणी का देऊ नये?

देईल, पण सहजासहजी नव्हे. बुधनी आणि चन्नपट्टण येथील कातारी लाखकामाच्या खेळण्यांसाठी काळ्या कुड्याचे पांढरे, मऊ लाकूड पसंत करतात. राजमुंद्रीच्या रत्नम यांनी १९३०च्या दशकात स्वदेशी फाउंटन पेने केली, ती एबोनाइटची. एबोनाइटला रेषा नसते, ते सर्व बाजूंनी सारखे कापले जाते. अंजनाच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. एका रेषेला अनुकूल चालणारे हत्यार दुसरीला प्रतिकूल ठरते, आणि तेथून ढलपी उडते. शिवाय फार कठीण लाकडाला वाकणे ठाऊक नसते. ताण पडला की ते तडकते.

म्हणून कामाचा आरंभ खरादीवर होत नाही, लाकडाच्या निवडीत होतो. लाकूड सुकताना वर्तुळाच्या परिघाच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे आकसते. या विषमतेमुळे ओल्या लाकडाला भेगा पडतात. खोडाचा अगदी मधला बिंदू ज्यात आला आहे, तो तुकडा हटकून फाटतो. जाणता कारागीर तो टाळतो आणि पूर्ण सुकलेलेच लाकूड घेतो.

सामान्य बारीक बॉलपेनसाठी सुमारे २ सेंटिमीटर जाडीचे दोन लहान चौकोनी तुकडे लागतात. त्यांत ७ मिलिमीटरचे भोक पाडून पितळेची नळी चिकटवावयाची असते. ड्रिल दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, तेथे लाकूड फुटण्याचा धोका मोठा. त्यावर युक्ती अशी, की तुकडा थोडा लांब ठेवावा, भोक आरपार नेऊच नये, आणि मग बंद टोक करवतीने कापून टाकावे. ड्रिल वारंवार बाहेर काढून भुसा झाडावा. साचलेल्या भुशाने उष्णता वाढते आणि उष्णतेने भेग पडते.

खरी कसोटी खरादीवर. लेखणी पूर्ण होते, तेव्हा टोकांशी नळीभोवतीच्या लाकडाची भिंत १ मिलिमीटरहूनही पातळ उरते. तोवर केलेले सारे श्रम एका जोरकस हाताने वाया जातात. येथे बळ कामाचे नाही, धार कामाची. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, उपटते. म्हणून काम निम्मे झाले, की हत्यार पुन्हा पाजवावे, केसाएवढाच थर काढावा आणि जाड भागाकडून बारीक भागाकडे यावे. बारीक तडा दिसताच थांबून त्यात पातळ गोंद जिरवावा. घासकागदानेही घाई केली तर लाकूड तापते. अखेरीस फिरत्या लेखणीवर लाखेची कांडी टेकविली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून तिच्यावर पसरते आणि अंजनाचा तांबूस काळपट रंग खुलतो.

एक प्रश्न उरतो: लाकूड आणावयाचे कोठून? बुऱ्हाणपूरच्या वनांत २०२२ व २०२३ या वर्षी बेकायदा वृक्षतोडीने मोठी हानी झाली. अंजनाची वाढ मंद. त्याचा पाला दुष्काळात गुरांचा आधार. एका लेखणीसाठी उभा वृक्ष पाडणे हे कोणत्याही कलेला शोभणारे नाही, आणि त्याची गरजही नाही. मोडक्या गाडीचा आरा, पडक्या घराची तुळई किंवा निकामी औताचा तुकडा यांत लाकूड अनेक वर्षे सुकलेले असते. आत खिळा राहिला नाही एवढे पाहिले, की कारागिराला हवे तसे लाकूड हाती येते. जे पुष्कळदा सरपणात जाते, त्यातूनच उत्तम लेखणी घडते. रानाचे हित आणि कारागिराचे हित या ठिकाणी एकच आहे.