माइकचा झटका बसला तेव्हा

मागच्या पावसाळ्यात हरिपाठ म्हणताना आमच्या गटातल्या एका ताईंच्या ओठाला माइकचा झटका बसला. बचतीच्या पैशातून आम्ही जुना अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. त्याच्या थ्री पिनमधली अर्थिंगची जाड पिन कुणीतरी काढून टाकली होती, आणि आम्ही ती बघितलीच नव्हती. अर्थिंग नसलं की गळती झालेली वीज माणसाच्या अंगातून वाट काढते. मावळ-लोणावळ्याच्या ओल्या फरशीवर हे जिवावर बेततं. पोरांच्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारेतूनही असाच झटका बसू शकतो.

म्हणून जुनं मशीन घेताना आधी तिन्ही पिना बघा. आपला माइक लावून अर्धा तास चालवा. सारखी घरघर आली तर बहुधा अर्थिंगचा किंवा वायरचा दोष असतो. खरखर आली तर आधी माइकची वायर बदलून बघा. शिट्टी वाजली तर माइक स्पीकरच्या मागे घ्या.

आवाज कमी वाटला म्हणून लगेच मोठं मशीन घेऊ नका. ५० वॅटचे १०० केले तरी आवाज थोडाच वाढतो. आधी चांगला माइक घ्या. मशीन स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत वीज साठलेली असू शकते.

आम्ही पिन बदलली, मंदिरातल्या बोर्डाचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतलं. त्या ताई आता पुन्हा माइकवर म्हणतात.