लोगोवर अडकलेला फोन

मोबाइल दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात तासभर बसले तर एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘काल रात्रीपर्यंत चांगला चालत होता, अपडेट केला आणि लोगोवर अडकला.’ दुकानदाराला हे नवे नसते. तो फोन हातात घेतो, आवाजाचे आणि चालू-बंदचे बटण एकत्र दाबून पाहतो, आणि बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो, ‘आतले फोटो हवेत का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटले की काम अवघड होते.

दुरुस्त करण्यासाठी, सुरक्षित करण्यासाठी म्हणून आलेली गोष्टच यंत्राला निकामी का करते, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. शहरात ही गैरसोय दोन दिवसांची असते. भोर तालुक्यातल्या भोंगवलीसारख्या गावात ती वेगळे रूप घेते. बहुतेक कंपन्यांचे अधिकृत सेवाकेंद्र पुण्यात. जवळ म्हणावे तर शिरवळ किंवा भोरचे दुकान. जाण्यायेण्यात दिवस मोडतो आणि त्या दिवसाची मजुरीही. शिवाय त्याच एका फोनवर आता बँकेचा ओटीपी, पीक विम्याचा संदेश, मुलांचा अभ्यास आणि, अंगणवाडी सेविकेचा असेल तर, साऱ्या वस्तीच्या बाळांची वजने असतात.

अपडेट होताना आत काय घडते

फोन सुरू करताना एक साखळी चालते. चिपमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो. तो बूटलोडरला उठवतो, बूटलोडर प्रणालीच्या गाभ्याला म्हणजे कर्नलला उठवतो आणि कर्नल अँड्रॉइडला. प्रत्येक कडी पुढच्या कडीवरची कंपनीची डिजिटल सही तपासते. सही जुळली नाही तर पुढे जायचे नाही, हा नियम. चोराने किंवा व्हायरसने प्रणालीत फेरफार केला असेल तर फोन चालू नये, यासाठी ही तपासणी आहे. पण अपडेट अर्धवट लिहिला गेला, एखादी फाइल बिघडली, तर तीच तपासणी मालकालाही आत येऊ देत नाही. पडद्यावर कंपनीचे नाव येते, जाते, पुन्हा येते.

मग जुन्या आवृत्तीवर परत का जाता येत नाही? कारण अनेक फोनमध्ये ‘याहून जुनी आवृत्ती स्वीकारू नकोस’ अशी खूण चिपमध्ये पक्की नोंदवली जाते. जुन्या आवृत्तीतल्या सुरक्षेच्या फटी चोरांना माहीत असतात, म्हणून हा बंदोबस्त. परतीचा दरवाजा बंद झाल्याचे मालकाला मात्र सहसा कोणी सांगत नाही.

यावर एक चांगला उपाय २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ बरोबर आला. फोनमध्ये प्रणालीच्या दोन प्रती ठेवायच्या. एक चालू असताना दुसरीवर नवा अपडेट लिहायचा. नवी प्रत सुरू झाली नाही तर जुनीवर परत यायचे. पण दोन प्रतींना जागाही दुप्पट लागते. सोळा जीबीच्या स्वस्त फोनमध्ये ती परवडत नाही, म्हणून अनेक स्वस्त फोन या सोयीशिवायच विकले गेले. जागा कमी खाणारी सुधारित पद्धत अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० नंतर आली.

तरीही ही सोय म्हणजे अभय नव्हे. शाओमीचा मी ए३ हा फोन २०१९ मध्ये भारतात आला. त्यात दोन प्रतींची व्यवस्था होती. २०२०-२१ च्या संधिकाळात त्याला अँड्रॉइड ११ चा अपडेट मिळाला, आणि तो घेणाऱ्या अनेकांचे फोन पुन्हा सुरूच झाले नाहीत. बिघाड साखळीच्या अगदी सुरुवातीच्या कडीत असला तर दुसरी प्रत असूनही तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. कंपनीने अपडेट थांबवला आणि वॉरंटी संपलेली असो वा नसो, असे फोन विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे जाहीर केले.

अपडेट घेतलाच नाही तर फोन सुरक्षित, असेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगचे एस१० आणि नोट १० मालिकेतले अनेक फोन अचानक बंद-चालू होत राहिले. हे फोन २०१९ चे. त्यांना नवी अँड्रॉइड आवृत्ती मिळणे केव्हाच थांबले होते. घरातली उपकरणे जोडणाऱ्या एका ॲपचा भाग पार्श्वभूमीवर आपोआप अद्ययावत झाला होता, आणि बिघाड तिथून आला. अनेकांना सगळा मजकूर पुसून फोन नव्याने सुरू करावा लागला.

दोष अपडेटचा की म्हाताऱ्या फोनचा

दुकानदार सांगतात त्यातही तथ्य असते : ‘अपडेट निमित्त झाला, बोर्ड आधीच कमजोर होता.’ मोठा अपडेट म्हणजे एक-दोन जीबी मजकूर एका दमात मेमरीवर लिहिणे. फोनची मेमरी ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते. चार-पाच वर्षे रोज फोटो आणि व्हिडिओ साठवून ती थकलेली असते. त्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना फोन सगळी ॲप नव्याने जुळवतो, प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालतो, बोर्ड तापतो. पूर्वी पडलेल्या फोनचा एखादा सांधा आधीच सैल असेल तर या तापण्यात तो सुटू शकतो. बॅटरी जुनी असेल तर ऐन लिहिताना वीज कमी पडते.

म्हणून एकट्या फोनचा बिघाड पाहून दोष कोणाचा हे ठरत नाही. एकाच मॉडेलचे, एकाच अपडेटनंतर, एकाच आठवड्यात शेकडो फोन बंद पडले, तर तो म्हातारपणाचा दोष नव्हे. हा फरक ग्राहकाला एकट्याने सिद्ध करता येत नाही. किती फोनांनी अपडेट घेतला आणि किती परत जागे झाले, याचा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर असतो.

फोटोंचे काय? अलीकडच्या फोनमध्ये सगळा मजकूर कुलूपबंद स्वरूपात साठतो आणि कुलपाची किल्ली त्याच फोनच्या चिपमध्ये असते. बोर्ड गेला की किल्ली गेली. मेमरीची चिप काढून दुसऱ्या फोनला लावली, पासवर्ड तोंडपाठ असला, तरी उपयोग नाही. दुकानदाराचा पहिला प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

एक लाख फोन परत

निकामी होण्याचे आणखी एक रूप आहे. फोन सुरू होतो, कॉल लागतो, पण ज्यासाठी तो हाती दिला ते काम त्यावर होत नाही. महाराष्ट्रातले याचे सर्वांत मोठे उदाहरण अंगणवाडीचे आहे.

पोषण अभियानाखाली राज्यातल्या एक लाखाहून अधिक अंगणवाडी सेविकांना २०१९ च्या सुमारास पॅनासॉनिकचा एलुगा आय ७ हा फोन मिळाला. दोन जीबी रॅम, सोळा जीबी साठवण, अँड्रॉइड ७. त्या वेळच्या नोंदणीच्या ॲपला तो कसाबसा पुरत होता. १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारने ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आणले. फोन तोच राहिला, ओझे वाढले. ॲप उघडायला वेळ, मध्येच फोन अडकणे, तापणे, बॅटरी उतरणे या तक्रारी राज्यभरातून आल्या. नावे आणि नोंदी इंग्रजीत भराव्या लागत, ही आणखी एक. वॉरंटी संपलेली असल्याने दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या पदरी पडू लागला. तेव्हाचे मानधन महिना ८,३२५ रुपये होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी ‘मोबाइल वापसी’ आंदोलन केले. जिल्ह्याजिल्ह्यांत त्या बालविकास प्रकल्प कार्यालयांत गेल्या आणि फोन परत केले. त्यांची मागणी साधी होती : काम करायला तयार आहोत, काम होईल असे साधन द्या, आणि आमच्या भाषेत द्या. त्यानंतर चांगल्या फोनची मागणी प्रत्येक आंदोलनात राहिली. २० फेब्रुवारी २०२३ पासूनच्या संपातही ती होती. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात मानधन १०,००० रुपये झाले.

या प्रकरणात कोणत्याही एका अपडेटने एका रात्रीत फोन मारला नाही. ॲपची प्रत्येक नवी आवृत्ती थोडी जड होती, आणि ती दिल्लीत लिहिणाऱ्यासमोर नवा फोन होता. जुन्या फोनचा हिशेब कोणी ठेवला नाही. भोर आणि वेल्ह्याच्या पश्चिमेला भाटघर, नीरा देवघरच्या खोऱ्यांत यात नेटवर्कची भर पडते. डोंगराआड रेंज नसलेल्या वाडीत भरलेली नोंद फोनमध्येच थांबते. सर्व्हरवर पोहोचण्याआधी फोन गेला तर ती नोंदही जाते, आणि कागदावर ते काम झालेलेच नसते.

आता पणाला काय लागले आहे हे १ जुलै २०२५ पासून अधिक स्पष्ट झाले. घरी नेण्याच्या पोषण आहारासाठी लाभार्थीचा चेहरा फोनच्या कॅमेऱ्याने ओळखणे सक्तीचे झाले. सहा महिने ते तीन वर्षांची बाळे, गरोदर आणि स्तनदा माता यांचा हा आहार. पूर्वी फोन अडकला तर अहवाल उशिरा जाई. आता फोन अडकला तर पाकीट द्यायचे की नाही, हा प्रश्न दारात उभ्या बाईसमोर सेविकेला सोडवावा लागतो.

खासगी वापरातही हेच घडते. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ आणि त्याआधीच्या फोनवर व्हॉट्सॲप बंद झाले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला जिओफोनवरचेही थांबले. यंत्र धडधाकट, बटणे शाबूत, आणि तरी मुलाचा फोटो पाहता येत नाही.

भरपाई कोण देणार

इतर देशांत याची किंमत कंपन्यांनी मोजली आहे. बाहेर दुरुस्त केलेले आयफोन अपडेटनंतर ‘एरर ५३’ दाखवून बंद पडत. ॲपलने ग्राहकांना ‘बाहेर दुरुस्ती केल्याने तुमचा हक्क गेला’ असे सांगितले, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये कंपनीला नव्वद लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्याच वर्षी इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने, अपडेटमुळे जुने फोन मंदावतात हे ग्राहकाला नीट न सांगितल्याबद्दल, ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड लावला. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात नियम आहे की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट मिळत राहिले पाहिजेत.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते; म्हणजे भोंगवलीच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाचे शहर गाठावे लागत नाही, पुण्याचा आयोग चालतो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करावी. त्या नोंदी वाया जात नाहीत : आयओएस १८ नंतर आयफोन नीट चालत नसल्याच्या तक्रारी तिथे साचल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस बजावली. एकट्याला जे सिद्ध करता येत नाही ते शंभर नोंदी मिळून दाखवू शकतात.

घरच्या घरी

काही साध्या गोष्टी वाचकाने पाळाव्यात. सुरक्षेचा छोटा अपडेट टाळू नये. फोनवर बँक असेल तर नाहीच. पण अँड्रॉइडची नवी मोठी आवृत्ती पहिल्याच आठवड्यात घेऊ नये. कंपन्या ती टप्प्याटप्प्याने सोडतात. पहिल्या टप्प्यातले बिघाड पाहून थांबवतात. घेण्याआधी फोटो आणि संपर्क दुसरीकडे उतरवावेत, चार-पाच जीबी जागा मोकळी करावी, बॅटरी निम्म्याहून अधिक असावी, आणि वीज जाण्याची भीती असेल तर थांबावे. बिघडलाच तर अपडेटची तारीख लिहून ठेवावी आणि सेवाकेंद्राकडून जॉबशीट मागून घ्यावी. तोंडी निदानाला आयोगासमोर किंमत नसते.

सेविकांसाठी मात्र हा सल्ला अपुरा आहे, कारण फोन निवडणे, ॲप बदलणे आणि अपडेट कधी घ्यायचा हे ठरवणे त्यांच्या हातात नाही. इथे बदल खरेदीच्या निविदेतच व्हायला हवा. फोन किती वर्षे अपडेट मिळवेल, वॉरंटी किती, तालुक्याच्या गावी दुरुस्ती कुठे, हे किमतीइतकेच ठळक लिहिले गेले पाहिजे. ॲपची नवी आवृत्ती आधी सर्वांत जुन्या सरकारी फोनवर, रेंज नसलेल्या वाडीत चालवून पाहिली पाहिजे. आणि फोन बंद असलेल्या दिवशी कागदी नोंदवहीवर सही घेऊन आहार देण्याची मुभा लेखी आदेशात असली पाहिजे. नोंदवहीची सवय सेविकांना आहेच. त्या दिवशी पाकीट दिल्याबद्दल पुढे कोणी जाब विचारणार नाही, एवढी हमी त्यांना हवी.