जॅक्सन फाइव्ह

अमेरिकेतील पाच कृष्णवर्णीय भावांचा ख्यातनाम गायक-वादकवृंद. जॅकी (जन्म १९५१), टिटो (१९५३–२०२४), जर्मेन (जन्म १९५४), मार्लन (जन्म १९५७) व मायकेल (१९५८–२००९) हे त्याचे घटक. इंडियाना राज्यातील गॅरी या पोलादनगरीत त्यांचे बालपण गेले. वडील जोसेफ (१९२८–२०१८) पोलाद कारखान्यात यारीचालक होते. दोन शयनकक्षांच्या लहानशा घरात नऊ मुलांचे कुटुंब राहत असे. जोसेफ यांनी पूर्वी ‘फाल्कन्स’ या वृंदात गिटार वाजविली होती. तो वृंद नावारूपास आला नाही. त्यांच्या गिटारीस हात लावण्याची मुलांना मनाई होती. टिटो ती चोरून वाजवीत असता तार तुटली. संतापलेल्या वडिलांनी त्यास वाजवून दाखविण्यास फर्माविले आणि त्याचे कसब त्यांच्या ध्यानी आले, अशी हकीकत कुटुंबीय सांगत.

सु. १९६४ मध्ये थोरल्या तिघांचा वृंद उभा राहिला; मार्लन व मायकेल त्यात लवकरच सामील झाले. शाळा सुटल्यावर रोज तासन्‌तास तालीम चाले. चुकल्यास मार बसे, असे मायकेलने पुढे जाहीरपणे सांगितले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो रंगमंदिरातील हौशी कलावंतांची स्पर्धा त्यांनी जिंकली आणि १९६८ च्या प्रारंभी गॅरीतीलच ‘स्टीलटाउन’ या छोट्या संस्थेने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. त्याच वर्षी गायक बॉबी टेलर यांनी डिट्रॉइटच्या ‘मोटाउन’ या विख्यात ध्वनिमुद्रण संस्थेकडे त्यांची शिफारस केली. संस्थेने मात्र या शोधाचे श्रेय आपली लोकप्रिय गायिका डायना रॉस हिला दिले आणि मायकेलचे वयही प्रसिद्धीसाठी दोन वर्षांनी कमी सांगितले. बेरी गॉर्डी यांच्या नेतृत्वाखाली चौघा रचनाकारांनी खास या मुलांसाठी गीते रचली. आरंभीच्या मुद्रणांत वाद्ये प्रायः संस्थेच्या अनुभवी वादकांनीच वाजविली. पाठीशी एवढी सिद्धता असली, तरी वृंदाचे खरे सामर्थ्य मायकेलच्या आवाजात होते. जेमतेम अकरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यातून प्रौढ गायकाची आर्तता उमटे.

ऑक्टोबर १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘आय वाँट यू बॅक’ हे गीत जानेवारी १९७० अखेर ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. ‘एबीसी’, ‘द लव्ह यू सेव्ह’ व ‘आय विल बी देअर’ या त्यानंतरच्या गीतांनीही त्याच वर्षी ते स्थान मिळविले. श्वेतवर्णीय कुमारवयीन श्रोत्यांतही त्यांना अमाप लोकप्रियता लाभली. १९७१ मध्ये त्यांच्यावर दूरचित्रवाणीवर व्यंगचित्रमालिका निघाली. गीतांच्या निवडीत व वादनात मात्र भावांना वाव नव्हता. या असंतोषातून त्यांनी १९७५ मध्ये मोटाउन सोडण्याचा निर्णय घेतला. नावावरील हक्क संस्थेने सोडला नाही, म्हणून ते ‘द जॅक्सन्स’ म्हणून गाऊ लागले. गॉर्डींचा जावई झालेला जर्मेन मोटाउनमध्येच राहिला. त्याची जागा धाकट्या रँडीने घेतली.